नाभीखालची जखम

गदायुद्धाचा एक नियम महाभारत ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो: नाभीखाली वार करायचा नाही. भीमाने तो मोडून दुर्योधनाच्या मांडीवर गदा घातली, तेव्हा बलराम नांगर उगारून त्याच्यावर धावला. या नियमामागे केवळ शिष्टाचार नव्हता, शरीराची जाणही होती. आयुर्वेदाने हृदय, मस्तक आणि बस्ती ही तीन मर्मे सर्वांत महत्त्वाची मानली, आणि बस्ती म्हणजे मूत्राशय. सुश्रुताने तर तिथल्या घावाची गणना तत्काळ प्राण घेणाऱ्या घावांत केली. आजच्या युद्धात हा नियम पाळायला समोर कुणी योद्धाच नसतो. जमिनीत पुरलेला सुरुंग खालून वर फुटतो. पायी गस्त घालणाऱ्या जवानाच्या छातीवर जाड कवच असते, डोक्यावर शिरस्त्राण असते, पण मांड्यांच्या मधला भाग बहुतेक वेळा उघडाच राहतो. स्फोटासरशी पाय जातात आणि त्याच झटक्यात मूत्रमार्ग, अंडकोष, मूत्राशय, कधी गुदद्वारही फाटते. पूर्वी असा जखमी रक्तस्रावाने जागीच जाई. आता पायाला लगेच आवळपट्टी बांधली जाते, हेलिकॉप्टर येते, रक्त चढवले जाते आणि तो वाचतो. युद्धवैद्यकाने त्याचे प्राण राखले, आणि त्यामुळे एक नवी जखम आपल्यासमोर जिवंत उभी राहिली.

ही जखम किती मोठी आहे याचा सर्वांत नीट लावलेला हिशेब अमेरिकेचा आहे. 2001 ते 2013 या काळात इराक आणि अफगाणिस्तानात त्यांच्या 1,367 पुरुष सैनिकांना मूत्रसंस्थेच्या किंवा जननेंद्रियांच्या जखमा झाल्या. त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश बाह्य जननेंद्रियांच्या होत्या आणि बहुतेक सगळे जखमी पस्तिशीच्या आतले होते. आधीच्या युद्धांत या गटात मूत्रपिंडाच्या जखमा ठळक असत. चिलखताने पोट-पाठ झाकली, सुरुंगांनी वाट बदलली आणि जखम खाली सरकली. एकूण जखमींत असे जखमी शंभरात पाचाच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण बावीस-पंचवीस वर्षांच्या माणसापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य असते, आणि ही जखम त्या प्रत्येक दिवशी चार-पाच वेळा आपली आठवण करून देते. मला इथे मांडायचे आहे ते एवढेच: युद्धातल्या मूत्रसंस्थेच्या जखमेवर खरा उपचार लष्करी रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात सुरू होतो, पण तो चालतो जवानाच्या गावात, त्याच्या घरात, त्याच्या न्हाणीघरात. तिथे आपली व्यवस्था तोकडी पडते, आणि त्याचे मोठे कारण पैसा नाही. कारण असे आहे की या जखमेचे नाव आपण तोंडाने घेत नाही.

अंबरनाथ पूर्वेत बसून हा विषय काढण्याला आधार आहे. शिवमंदिर 1060 सालचे, म्हणून आपण या गावाला हजार वर्षांचे म्हणतो, पण आज दिसते ती वस्ती बरीचशी युद्धाने घडवलेली आहे. शेजारचे उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी तळ. फाळणीनंतर त्याच बराकींत सुमारे 1 लाख सिंधी निर्वासित राहिले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. रुळांच्या पश्चिमेला आयुध निर्माणी पन्नाशीच्या दशकात उभी राहिली. पूर्वेला शीळ-बदलापूर रस्त्यावर नौदलासाठी पदार्थांचे संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. देशाच्या शस्त्रांना लागणारा धातू आणि त्याविषयीचे ज्ञान या परिसरातून जाते. शस्त्र घडवणाऱ्या गावाने शस्त्राने केलेल्या जखमेबद्दलही बोलावे, ही अपेक्षा मला रास्त वाटते. आणि युद्ध म्हटले की नजर सीमेकडेच वळते, ती थोडी आत आणली तर सुरुंग आपल्या राज्यातही आहेत. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्रदिनीच, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ झालेल्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले.

पहिल्या काही तासांत शल्यविशारद काय करतो, ते थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण पुढच्या चाळीस वर्षांचे पुष्कळसे तिथेच ठरते. प्राण आधी, हे निर्विवाद. रक्त थांबवायचे, श्वास चालू ठेवायचा, मग बाकीचे. पण त्या घाईतही काही गोष्टी चुकल्या तर त्या कधीच दुरुस्त होत नाहीत. लघवीच्या वाटेच्या तोंडाशी रक्त दिसले तर नळी रेटून घालायची नाही, कारण अर्धवट फाटलेला मूत्रमार्ग त्या रेट्याने पूर्ण तुटतो. अशा वेळी ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी टाकून लघवीला वेगळी वाट काढून देतात आणि मूत्रमार्गाची दुरुस्ती काही महिन्यांनी, सूज ओसरल्यावर करतात. मूत्राशय पोटाच्या पोकळीत फुटले असेल तर ते शिवावेच लागते, पोकळीबाहेर फुटले असेल तर अनेकदा नुसत्या नळीवर भरून येते. मूत्रपिंडातून रक्त वाहते आहे म्हणून ते काढून टाकणे हा पूर्वी सर्रास उपाय होता. आता जमेल तितके राखतात, कारण दुसऱ्या मूत्रपिंडावर पुढे काय वेळ येईल हे कुणाला सांगता येत नाही. मूत्रवाहिनी ही पेन्सिलीपेक्षाही बारीक नळी, तिची जखम पहिल्या दिवशी नजरेतून निसटते आणि आठवड्याने तापाच्या रूपाने समोर येते. अंडकोषाची गोष्ट सर्वांत हळवी. फुटलेल्या अंडकोषाचा जिवंत भाग तासाभराच्या मेहनतीने वाचवता येतो, आणि तेवढ्या भागावर पुरुषाचे संप्रेरक अवलंबून असते. दोन्ही गेले तर आयुष्यभर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घ्यावी लागतात. नाहीतर हाडे ठिसूळ होतात, स्नायू झडतात, मन खचते. हात-पाय महत्त्वाचे, हे बाकीचे मागाहून बघू, असे म्हणणाऱ्याला एवढेच सांगायचे की यातल्या कित्येक गोष्टींना मागाहून अशी वेळच नसते.

तरीही शस्त्रक्रियागृहाची कामगिरी ही या कथेची सुरुवात आहे. पाठीच्या कण्यात गोळी किंवा छर्रा लागलेल्या जवानाचे उदाहरण घ्या. त्याची मूत्रसंस्था वरून पाहता अखंड असते, पण मेंदू आणि मूत्राशय यांच्यातली तार तुटलेली असते. लघवी भरल्याचे कळत नाही, कळले तरी होत नाही. तुंबलेली लघवी मागे मूत्रपिंडात चढते, जंतू माजतात आणि मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. पहिल्या महायुद्धात असे बहुसंख्य जखमी थोड्याच काळात दगावले. गोळीने ते मेले नव्हते. लघवीच्या जंतुसंसर्गाने आणि पाठीला पडलेल्या क्षतांनी त्यांचा जीव घेतला. हे चित्र बदलले ते इंग्लंडमध्ये, 1944 साली स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात. नाझी राजवटीतून निसटून आलेल्या लुडविग गुटमान या ज्यू डॉक्टराने तिथे शिस्त लावली: दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि मूत्राशय ठरलेल्या वेळी, निर्जंतुक नळीने रिकामे करायचे. त्याच रुग्णालयाच्या हिरवळीवर 1948 साली त्याने चाकाच्या खुर्चीतल्या जखमी सैनिकांच्या स्पर्धा भरवल्या आणि त्यांतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर 1972 साली हायडलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहले आणि भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकले. त्या पदकाचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. ज्या चळवळीने ती स्पर्धा जन्माला घातली तिच्या पायाशी वेळेवर रिकामी केलेली मूत्राशये होती, हे मात्र शाळेच्या पुस्तकात येत नाही.

त्याच 1972 साली अमेरिकेत जॅक लॅपिडिस या मूत्ररोगतज्ज्ञाने आणखी एक मोठी गोष्ट दाखवून दिली. नळी पूर्ण निर्जंतुक असण्यापेक्षा मूत्राशय वेळेवर रिकामे होणे जास्त महत्त्वाचे आहे, आणि स्वच्छ धुतलेल्या हातांनी रुग्ण स्वतःच घरी ते करू शकतो. या एका शोधाने उपचार रुग्णालयातून घरी आणला. आता लागते काय? दर चार ते सहा तासांनी एक नळी, साबण, स्वच्छ पाणी, बंद होणारे दार आणि बसायला किंवा खुर्ची वळवायला जागा. वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिनची तपासणी. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात 1974 पासून कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन होते. अशा संस्थेच्या भिंतींच्या आत ही शिस्त पाळणे शक्य असते. प्रश्न भिंतींबाहेर पडल्यावर सुरू होतो.

भिंतीबाहेर म्हणजे कुठे, ते आपल्याच स्थानकावर उभे राहून पाहावे. अंबरनाथहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकलने साधारण 60 किलोमीटर, दीड तासाचा प्रवास, बदलापूरहून त्याहून जास्त. लोकलमध्ये शौचालय नसते. घर ते रिक्षा, रिक्षा ते फलाट, गाडीची वाट, दीड तास डबा, पुढे बस आणि मग कचेरी, हे सगळे जोडले तर चार तास सहज उलटतात. नळी वापरणाऱ्या माणसासमोर मग दोनच मार्ग उरतात. एक तर सकाळपासून पाणी प्यायचे नाही, म्हणजे लघवी घट्ट होते, खडे होतात, संसर्ग होतो. नाहीतर कायमची नळी आणि पायाला बांधलेली पिशवी, म्हणजे पुन्हा जंतूंना घर. अपंगांसाठी राखीव डबा आपण दिला हे चांगलेच झाले, पण फलाटावर रुंद दाराचे, वाहत्या पाण्याचे, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह नसेल तर तो डबा माणसाला अर्ध्यावर सोडतो. स्वच्छतागृहाला आपण नागरी सुविधा म्हणतो. या माणसाच्या बाबतीत ते उपचाराचे साधन आहे, आणि ते न मिळाल्याची किंमत त्याची मूत्रपिंडे मोजतात. ती निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. मग सरकारचाही जो खर्च होतो, त्यापुढे साबण, नळ्या आणि वर्षाची एक सोनोग्राफी काहीच नाही.

या जखमेचे नाव आपण घेत नाही, असे वर म्हटले. त्याचा पुरावा कायद्यांतही सापडतो. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटाचे एक पेर गेले तर कमाईची क्षमता किती टक्के घटली, पायाचा अंगठा गेला तर किती, याचे कोष्टक होते. मूत्रमार्ग किंवा जननेंद्रिय गमावल्याची ओळ त्यात नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. कण्याची इजा चलनवलनाच्या अपंगत्वात बसते, पण चालता येणाऱ्या, मूत्रमार्ग मात्र उद्ध्वस्त झालेल्या माणसाला त्या यादीत स्वतंत्र जागा नाही. बाहेरून तो धडधाकट दिसतो. राखीव डब्यात चढला तर लोक हटकतील, आणि त्याने काय उत्तर द्यायचे? नाव नसले की नोंद होत नाही आणि नोंद नसली की तरतूद होत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला गंभीर वाटतो. चारचौघांत या गोष्टी बोलल्याने जवानाची लाज जाते, त्याच्या पत्नीला मान खाली घालावी लागते, हे घरातच राहू द्यावे, असे अनेक सज्जन म्हणतील. त्यांच्या मनात जवानाविषयी आदरच असतो. पण गोपनीयता आणि मौन यांत फरक आहे. अमुक माणसाला काय झाले हे त्याच्या डॉक्टरखेरीज कुणाला कळू नये, ही गोपनीयता आणि ती कडक पाळली पाहिजे. असे कुणाला होतच नाही असे समाजाने वागणे हे मौन, आणि त्यातून जखमी माणसाला एकच निष्कर्ष काढता येतो की आपण एकटे आहोत. दोनशे वर्षांपूर्वीचा दाखला इथे कामी येतो. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक टिपूच्या माणसांनी कापले. पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले आणि 1794 साली लंडनच्या मासिकात त्याची हकिगत चित्रासह छापली गेली. तिथून युरोपच्या शल्यशास्त्राने हे तंत्र उचलले. नाक कापले जाणे ही आपल्याकडे अब्रूचीच गोष्ट होती, भाषेत ती अजूनही तशी आहे. तरी त्या जखमेविषयी लिहिले गेले, म्हणून पुढच्या हजारोंना नाक मिळाले.

अपत्याचा प्रश्न याहून अवघड. ज्याचे अंडकोष वाचण्याची शक्यता नाही, त्याच्या ऊतीतून पहिल्या काही तासांत शुक्रजंतू काढून गोठवून ठेवता येतात. युक्रेनमध्ये 2024 साली लागू झालेल्या कायद्याने सैनिकांना प्रजननपेशी विनामूल्य साठवण्याची सोय दिली. अमेरिकेने 2016 साली सेवेतल्या जखमेमुळे वंध्यत्व आलेल्या माजी सैनिकांच्या कृत्रिम गर्भधारणेचा खर्च उचलण्याची तरतूद केली. आपल्याकडे 2021 च्या सहाय्यित प्रजनन कायद्यानुसार अशा प्रक्रियेला संबंधितांची लेखी संमती लागते, आणि बेशुद्ध जवान सही करू शकत नाही. 2024 साली केरळ उच्च न्यायालयाने एका अत्यवस्थ पतीच्या बाबतीत पत्नीच्या विनंतीवरून संमतीशिवाय परवानगी दिली, पण आघाडीवरच्या रुग्णालयातून कोण न्यायालयात जाणार? उपाय साधा आहे: तैनातीवर निघण्यापूर्वी, विचारपूर्वक, होय किंवा नाही असे लिहून घेणारा एक कागद. निघताना असे अभद्र बोलू नये, असे कुणी म्हणेल. जवान त्याच वेळी आपल्यामागे निवृत्तिवेतन कुणाला मिळावे हेही लिहून देतो, आणि मरणाचा विचार कागदावर येतो तर वंशाचा यायला हरकत नसावी. मात्र नाही म्हणण्याचा त्याचा हक्क पूर्ण राहिला पाहिजे, आणि सासू-सासऱ्यांच्या हट्टापायी विधवेवर मूल लादले जाणार नाही याची हमी कायद्यानेच द्यायला हवी. आणि हा सगळा विचार आता फक्त पुरुषांपुरता ठेवून चालणार नाही. मे 2025 मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. सुरुंग त्यांच्याही पायांखाली असू शकतो.

अंबरनाथात युद्ध नाही, मग इथल्या डॉक्टरांनी हे कशाला शिकायचे, हा शेवटचा आक्षेप. त्याचे उत्तर कल्याण-बदलापूर रस्त्यावर, रुळांवर आणि एमआयडीसीच्या शेडमध्ये आहे. दुचाकीवरून ट्रकखाली येणारा, गाडीतून पडणारा, यंत्राखाली चिरडला जाणारा माणूस कटीचे हाड मोडून येतो आणि त्या हाडाबरोबर मूत्रमार्ग तुटतो. ही जखम आणि जवानाची जखम सख्ख्या बहिणी आहेत. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी गालाच्या आतली त्वचा लावून अरुंद झालेला मूत्रमार्ग एका बाजूने उघडून दुरुस्त करण्याची जी पद्धत मांडली, ती आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि ती नागरी रुग्णांवर घडली. (तंबाखू-गुटख्याने गाल आखडला असेल तर ही त्वचा वापरता येत नाही. बराकीत तंबाखू मळणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवे.) 2018 साली अमेरिकेत अफगाणिस्तानात जखमी झालेल्या एका सैनिकावर संपूर्ण शिश्न आणि वृषणकोशाचे प्रत्यारोपण झाले. ती बातमी जगभर गाजली आणि ते शल्यकौशल्य थक्क करणारेच आहे. पण एका प्रत्यारोपणामागे शेकडो माणसे अशी असतात, ज्यांचा मूत्रमार्ग दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा अरुंद होतो, ज्यांना वेळच्या वेळी तपासणारा, धार बारीक झाली का असे न लाजता विचारणारा जवळचा डॉक्टर हवा असतो.

तो जवळचा डॉक्टर आता इथेच घडतो आहे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यात ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा प्रारंभ झाला त्यांत अंबरनाथ होते, आणि गडचिरोलीही होते. सुरुंगांचा जिल्हा आणि शस्त्रे घडवणारे शहर एकाच दिवशी, एकाच यादीत आले. या महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे. माजी सैनिक समोर येऊन बसला, तक्रार गुडघ्याची किंवा झोपेची सांगत असला, तरी पडदा ओढून घ्या, सोबतच्याला बाहेर बसवा आणि त्याला लघवी कशी होते, हे विचारा. घरी नळ्या आहेत का, शेवटची सोनोग्राफी कधी झाली, हेही विचारा. तो आपणहून सांगणार नाही.